आमची वाटचाल : अकरा गेले, सहा राहिले

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याची शेड घेऊन १९९६ साली आम्ही फौंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना, सुरू केली. आम्ही म्हणजे मी आणि मिस्त्री. माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते, ऑइल इंजिनाच्या कामावर त्यांचा हात बसलेला. त्यामुळे कास्टिंग (ओतून तयार झालेला भाग) टांगून, हातोडीने वाजवून बघायची सवय मला घरातच लागली. पण साचा कसा भरायचा हे मिस्त्रींनी शिकवलं. पैसा माझा आणि हात त्यांचा, असाच तो व्यवहार होता आणि तो कधी कागदावर आला नाही.

मिस्त्रींची स्वतःची थापी होती. पातं झिजून दोन बोटं राहिलेलं, मूठ दोनदा बदललेली. ती ते दुसऱ्या कुणाला देत नसत. वाळूतून पॅटर्न (भागाचा नमुना) उचलताना साच्याचा कोपरा ढासळला तर दुसरा कुणी साच्याची पेटी पालथी करून पुन्हा भरायला घेईल. मिस्त्री कडेला ब्रशने पाण्याचा नुसता ओलावा द्यायचे, चिमूटभर वाळू थापीच्या टोकावर घ्यायचे आणि अंगठ्याने दाबत कोपरा उभा करायचे. लोखंडाचा रस ओतून, पेटी फोडून कास्टिंग बाहेर आलं की तो कोपरा कुठला होता हे मलासुद्धा सांगता येत नसे.

तेव्हा क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी उभी भट्टी, होता. चार दिवस पेट्या भरायच्या आणि आठवड्यातून दोनदा भट्टी लावायची. भट्टीच्या दिवशी मी, मिस्त्री, पोरं सगळे एकाच घामात. २००६ मध्ये कर्ज काढून पाचशे किलोची, विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी बसवली. पुढची पाच वर्षं काम बरं चाललं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही.

२०११ च्या दिवाळीनंतर मात्र साचे भरणाऱ्या सतरा मोल्डरांपैकी अकरा जण परत आलेच नाहीत.

ते आमच्यापासून चार प्लॉट सोडून सुरू झालेल्या फौंड्रीत गेले. तिचा मालक पूर्वी माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून यायचा. माझ्या शेडमध्ये उभा राहून चहा प्यायचा. एकदा त्याने विचारलं, ‘पंपाच्या केसिंगचा साचा कोण एवढा सफाईने भरतो?’ मी अभिमानाने एकेकाला पुढे बोलावून ओळख करून दिली. त्याच पोरांच्या खोल्यांवर दिवाळीच्या आधी त्याचा माणूस जाऊन आला, प्रत्येकाला उचल देऊन आला. जादा पगार देऊन माणसं नेणं हा धंदाच आहे, ते मला मान्य आहे. पण माझ्याच चहाचा कप हातात घेऊन माणसं हेरणं हे मी आजही विसरलेलो नाही.

इंडक्शनवाल्यांना पुढचं सांगायला नको. हीट (भट्टीचा एक घाणा) काढा नाहीतर काढू नका, डिमांड चार्ज, म्हणजे जोडणीचा ठरलेला आकार, विजेच्या बिलात येतोच. बँकेचा हप्ता थांबत नाही. नोव्हेंबरात रोज सहा हीटच्या जागी जेमतेम दोन निघत होत्या. साचेच नाहीत तर रस ओतायचा कशात? जानेवारीत मी बायकोचे दागिने गहाण ठेवून पगार केला.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी उरलेल्या सहा जणांना विचारलं, ‘गेले ते का गेले?’ कुणी बोलेना. शेवटी मिस्त्री बोलले. ‘मालक, पैशानं गेली म्हणून मनाला समजवू नका. तुमच्या वहीनं गेली.’

ती वही म्हणजे रिजेक्शनची वही. आमच्याकडे पेटीमागे दर होता. कास्टिंग गिऱ्हाइकाकडे जायचं, तिथे मशिनिंगला लागायचं, आत ब्लो होल (पोकळी) निघाला की महिन्या-दीड महिन्याने पैसे वजा केल्याची डेबिट नोट यायची. ज्याने पेटी भरली त्याच्या हिशेबातून मी ते पैसे कापायचो. सगळीकडे तसंच चालायचं, म्हणून मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी परत आलेलं एक केसिंग हॅकसॉवर कापायला लावलं. सगळ्यांना भोवती उभं केलं. पोकळी गुळगुळीत होती, भिंत चकचकीत, आणि कोअरच्या, म्हणजे केसिंग आतून पोकळ ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याच्या, अंगाला चिकटून. वाळू सांडली असती तर आत वाळूचे कण दिसले असते. रस थिजताना आक्रसून पडलेली असती तर आतून खरबरीत असती. ही गॅसची होती आणि गॅस कच्च्या कोअरमधून आलेला. कोअर कच्चा का? कोअर ज्यात भाजतात त्या कोअर ओव्हनचा थर्मोस्टॅट दोन महिने बंद होता. तो दुरुस्त करायला मी, ‘बघू पुढच्या महिन्यात’, म्हणालो होतो.

म्हणजे चूक माझी आणि पैसे कापले मोल्डरचे. त्या सहा जणांसमोर मला मान वर करता आली नाही. त्या वर्षभरात कापलेल्या रकमा मी काढल्या आणि सहा जणांना परत केल्या. गेलेल्या अकरांचेही पैसे मिस्त्रींच्या हातून पाठवले. तिघांनी घेतले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला, पहिल्या हीटच्या आधी, एक खराब कास्टिंग कापायचं किंवा फोडायचं आणि मोल्डर, कोअरवाले, भट्टीवाले, फेटलिंगवाले (कास्टिंग घासून साफ करणारे) सगळ्यांनी बघायचं असा रिवाज पडला. वाळूचा ओलावा, कोअर, रसाचं तापमान, व्हेंट (साच्यातून गॅस जायची भोकं) मारले की नाही, कारण सापडल्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही. पगार कापणं बंदच केलं. सुरुवातीला पोरं गप्प उभी राहायची. मग एक दिवस भट्टीवरचा पोरगा आपणहून म्हणाला, ‘काल शेवटच्या लॅडलमधला रस गार झाला होता, मी तरी ओतला.’ त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन पाच मिनिटं एकटा बसलो. टीम म्हणतात ती मला त्या वाक्यात पहिल्यांदा दिसली.

या काळात सांगलीच्या पंपवाल्या साहेबांनी आम्हाला धरून ठेवलं. त्यांना माल वेळेवर मिळत नव्हता, शेजारची ती नवी फौंड्री कमी दराने द्यायला तयार होती. साहेब स्वतः गाडी चालवत आले. कॅबिनमध्ये न बसता शेडमध्ये गेले, सहा माणसं मोजली आणि म्हणाले, ‘सहा जण भरतील तेवढंच द्या, पण यांनीच भरलेलं द्या.’ वर तीन महिन्यांच्या मालाचा ॲडव्हान्स दिला. त्यांचं पॅटर्न आमच्याकडे आजही वेगळ्या रॅकवर असतं.

नव्याने फौंड्री काढणाऱ्यांनी कोअर ओव्हनवर वेगळा थर्मामीटर लावावा, नुसत्या थर्मोस्टॅटवर विसंबू नये. टॅपिंगच्या, म्हणजे भट्टीतून रस काढायच्या, वेळी मालकाने कॅबिनमध्ये बसू नये. दिवाळीचा बोनस बंद पाकिटात कमी-जास्त देऊ नये, संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर सगळ्यांना आकडे कळलेले असतात. आणि माणसं वाढवण्याआधी संडास-बाथरूम नीट करावं. हे शेवटचं आम्ही फार उशिरा केलं.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, शहरातून कुणाला येता येईना. अलीकडच्या गावांतली आमची आठ पोरं कुणी न बोलावता आली, मोटारी आणि पॅनेलचं सामान वर चढवून ठेवलं आणि चार दिवस शेडमध्येच झोपली. गेलेल्यांपैकी चार जण एव्हाना परत आले होते. त्यातला एक त्या आठांत होता.

मिस्त्री आता थकलेत. खांडेनवमीला येतात, वाळू मुठीत दाबतात, गोळा मोडून बघतात आणि ओलावा जास्त असेल तर पूजेआधी तेच सांगतात. थापी त्यांनी त्या परत आलेल्या पोराला दिली. मला विचारलं नाही.

गेल्या महिन्यात त्याच शेजारच्या फौंड्रीतून आमच्या दोन मोल्डरांना पुन्हा फोन आले. दोघांनी येऊन मला स्वतःहून सांगितलं. एक राहिला. दुसऱ्याला घर बांधायचंय, तो गेला. त्याचा हिशेब मी त्याच संध्याकाळी चुकता केला आणि अनुभवाचा दाखला हातात दिला. त्या मालकाशी मात्र मी बोलत नाही.