पडजीभ मधोमध आहे ना?

मिरजेत आमचं मेडिकल होतं. वानलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून या गावाला दवाखान्यांची सवय लागली ती लागलीच. गल्लीत डॉक्टर, चौकात मेडिकल. पोराचा घसा दुखला तर काय करायचं, हा प्रश्नच कुणाला पडत नसे. संध्याकाळी डॉक्टर टॉर्च मारून 'टॉन्सिल्स सुजलेत' म्हणणार, कागदावर तीन औषधं लिहिणार, आणि ती घ्यायला बाप आमच्या काउंटरवर. वर कानाशी येऊन, "जरा स्ट्राँग द्या, सोमवारी परीक्षा आहे."

आता दुकान पुतण्या बघतो आणि मी लंडनबाहेरच्या एका गावात लेकीकडे आलोय. इथे तोच ताप घरात आठवडाभर मुक्काम ठोकतो आणि घरातली माणसं त्याच्याकडे नुसती बघत बसतात, असं माझं पहिलं मत झालं होतं. अर्धं अजून तसंच आहे.

नात सहा वर्षांची. शुक्रवारी शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून सोफ्यावर आडवी झाली. थर्मामीटर ३९.५. आपल्या हिशेबाने १०३. थुंकीसुद्धा गिळवेना. इथे प्रत्येकाचं नाव एका ठरलेल्या दवाखान्यात नोंदलेलं असतं, त्याला जीपी म्हणतात. तो सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा. अपॉइंटमेंट पाहिजे तर बऱ्याच ठिकाणी आठच्या ठोक्याला फोन लावून रांगेत उभं राहायचं. 'तुमचा नंबर तेविसावा' असं ते यंत्र गोड आवाजात सांगतं. आमची शुक्रवारची रात्र, म्हणजे तीही सोय नाही. "पैसे देऊन बघणारा कुणी नाही का जवळपास?" असं मी विचारलं तर जावई नुसते हसले.

मिरजेत तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली, तरी ही व्हिडिओवर हजर.

"अहो, तिला आऽ करायला सांगा. पांढरं दिसतंय का?"

दिसत होतं. दोन्ही टॉन्सिल्सवर पिवळट पांढरे ठिपके. हिच्या लहानपणी घशात पांढरं म्हणजे आधी घटसर्प. ती भीती मी तिथल्या तिथे मोडून काढली. घटसर्पाची लस इथे बाळाला दुसऱ्या महिन्यापासून सुरू होते, आणि नातीचं लसीचं पुस्तक मी स्वतः वाचलंय. पण तिची खरी भीती वेगळी होती, आणि ती आम्ही दोघांनीही तोंडावर आणली नाही.

हिचा धाकटा भाऊ. शाळेत असताना घसा धरला, बरा झाला, कुणी लक्ष दिलं नाही. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे सुजले, मग घोटे. सांधे बरे झाले, हृदयाची झडप गेली. पुढे वर्षानुवर्षं दर २१ दिवसांनी पेनिड्युअरचं, म्हणजे लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचं, इंजेक्शन, ते माझ्याच दुकानातून जायचं. शेवटी मुंबईला झडप बदलली. धातूची. रात्री शेजारी झोपलं की त्याच्या छातीतून घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू घशात येतो, त्याच्याशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच झडपांवर उलटतं. त्या वयात आम्हाला हे माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून झोप येत नाही.

शनिवारी सकाळी लेक म्हणाली, "बाबा, चला, केमिस्टकडे जाऊ." मला वाटलं पॅरासिटामॉल संपलं असेल. पण २०२४ च्या जानेवारीअखेरीपासून इंग्लंडमध्ये केमिस्टला सात किरकोळ आजार स्वतः तपासून औषध द्यायची मुभा आहे. पाच वर्षांवरच्यांचा घसा त्यातला एक. केमिस्ट बाई गुजराती निघाल्या. आतल्या छोट्या खोलीत नेऊन त्यांनी टॉर्च मारला आणि गुण मोजले. मी ऐकत होतो. चोवीस तासांत ताप आला, एक. टॉन्सिलवर पू, एक. तीन दिवसांच्या आत तपासायला आलात, एक. टॉन्सिल्स लालबुंद सुजलेत, एक. सर्दी-खोकला नाही, एक. पाचपैकी पाच. शाळेत एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते.

शून्य किंवा एक आला तर अँटिबायोटिक मिळत नाही. मीठ-पाण्याच्या गुळण्या, ताप उतरायचं औषध आणि घरी जा. मोठ्या माणसांचे असे बहुतेक घसे व्हायरसचे असतात, लहानांचेही. चार-पाच गुण असले आणि मूल आमच्या नातीसारखं हैराण असेल, तरच औषध. नातीला फिनॉक्सिमिथिलपेनिसिलिन दिलं, २५० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, जेवणाच्या आधी, बाटली फ्रिजमध्ये. मुलांना औषध फुकट. हे पेनिसिलिन सापडलं ते १९२८ मध्ये लंडनच्याच सेंट मेरीज रुग्णालयात, म्हणजे इथून गाडीने फार लांब नाही. आमच्या दुकानात साध्या घशासाठी सेफिक्झिमसारखं स्ट्राँग अँटिबायोटिक मागणारे लोक आठवले. इथे अजून त्या जुन्या माणसावरच काम भागतंय.

मला एकच टोचत होतं. कोर्स पाच दिवसांचा. आपल्याकडे स्ट्रेपला दहा दिवस, ते पाठ झालेलं. मी विचारलंच. बाई रागावल्या नाहीत, उलट एकाच धंद्यातला माणूस भेटल्याचा त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, लक्षणं जायला पाच पुरतात. दहा दिवस लागतात ते जंतू घशातून पुरता घालवायला, आणि सांध्यांचा तो ताप या देशात आता क्वचितच दिसतो, म्हणून सगळ्यांना दहा देत नाहीत. मग गुजरातीत, हळूच: अँटिबायोटिकने दुखणं सरासरी सोळा तासच लवकर कमी होतं, काका. सोळा तास! उभा जन्म मी ती पाकिटं विकली.

घरी येऊन हिला सांगितलं की घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तर झडपांचं ते संकट टळतं, आपलं दुसऱ्या दिवशी सुरू झालंय. ती म्हणाली, "पाचव्यानंतर उरलेले पाच तुम्ही मागून घ्या."

रविवारी मात्र गाडी घसरली. औषध कडू, गिळायला दुखतं, पोरीने तोंड मिटलं ते मिटलं. पाणी नाही, लघवी नाही. लेकीने १११ नंबर लावला, तातडीचा वैद्यकीय सल्ला फोनवर देणारा. पलीकडची बाई घाईत नव्हती. श्वास घेताना आवाज येतो का? लाळ गळते का? मान वळवते का? तोंड पूर्ण उघडतं का? शेवटची लघवी किती वाजता? बारा तास होत आले होते. "तासाभरात कॅज्युअल्टीत जा."

तिथे थांबावं लागलं, बरंच. मुलांचा वेगळा विभाग, भिंतीवर जिराफ, आणि आमच्यासारखे सहा-सात आईबाप. नर्सने आधी सलाइन नाही लावलं. माझ्या हातात एक सिरिंज दिली, सुईशिवाय, आणि एक तक्ता. दर पाच मिनिटांनी पाच मिलिलिटर पाणी गालात सोडायचं आणि वेळ लिहायची. त्याआधी अर्धा तास दुखणं कमी करणारं औषध, म्हणजे गिळता येईल. मी जन्मभर बाटल्यांवरच्या रेघा वाचलेला माणूस. लेकीला म्हटलं, तू डोळे मिट, हे माझ्याकडे दे. तिसऱ्या सिरिंजनंतर नर्सने बर्फाची कांडी आणून दिली, संत्र्याची. १०२ ताप, घसा सुजलेला आणि बर्फ! हिला तो भाग मी अजून सांगितलेला नाही. पण पोरीने ती चोखली, आणि ते सगळं पाणीच की.

डॉक्टर आले ते पोरसवदा, रात्रपाळीने पार थकलेले. त्यांनी घशात बघताना टॉन्सिल्सपेक्षा पडजिभेकडे जास्त वेळ बघितलं. मी विचारलं. टॉन्सिलच्या मागे पू साठला तर एक बाजू फुगते आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. तोंड उघडत नाही, आवाज घोगरा, भरल्या तोंडाने बोलल्यासारखा येतो. मग तो पू काढावा लागतो. नातीची पडजीभ मधोमध होती. पहाटे तिने लघवी केली आणि त्या डब्याकडे आम्ही तिघांनी प्रसादासारखं पाहिलं. घरी जाताना कागद मिळाला: काय दिसलं तर परत यायचं. औषधं नवीन काहीच नाहीत.

हे मला पटलं आणि पटलंही नाही. काय बघायचं हे घरच्यांना इतकं नीट सांगतात, की पुढचे दोन दिवस मी दर चार तासांनी टॉर्च घेऊन आऽ करायला लावत होतो, आणि हातात काम असलं की काळजी जागेवर बसते. पण घशाचा नमुना तपासायला कुणी घेतला नाही. इथे सरसकट घेत नाहीत. ज्याच्या घरात एक झडप गेलीय त्याला गुणांची बेरीज पुरत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात याच जंतूने इथे मुलं दगावली होती, तेव्हा केमिस्टकडे पातळ अँटिबायोटिक मिळेनासं झालं होतं. शाळेच्या आया अजून त्याच्या गोष्टी सांगतात. म्हणजे भीती एकट्या मिरजेची नाही.

पुढच्या आठवड्यात आठ वाजताचा फोन लागला. जीपी बाईंना लेकीने सांगितलं, यंदाची ही तिसरी खेप, टॉन्सिल्स काढून टाका. त्यांनी नियम सांगितला: वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दर वर्षी पाच, किंवा तीन वर्षं दर वर्षी तीन. त्याखाली कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवत नाहीत, कारण वय वाढेल तसे त्रास आपोआप कमी होतात आणि ऑपरेशननंतर रक्तस्राव होऊ शकतो. या कंजूषपणाला इतिहास आहे. इथे एके काळी शाळेतल्या पोरांचे टॉन्सिल्स सर्रास काढत. १९३८ मध्ये ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरांनी आकडे मांडले, तेव्हा दिसलं की एका भागात भरमसाट ऑपरेशनं आणि शेजारच्या भागात नगण्य, आणि श्रीमंतांच्या पोरांची जास्त. लंडनच्या हॉर्न्सी भागात तर शाळांचा डॉक्टर बदलला आणि ऑपरेशनं वर्षभरात एक दशांशाच्याही खाली आली. पोरांचं काही बिघडलं नाही.

हे सगळं मी हिला व्हिडिओवर समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, म्हणजे ऐकत नव्हती. तिने मिरजेच्या डॉक्टरांकडे मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन होईल का, हे आधीच विचारून ठेवलंय. लेकीने फ्रिजवर तारखांचा तक्ता लावलाय, सात रकाने, तीन भरलेले.

"आई," ती म्हणाली, "अजून चार बाकी आहेत."

"तुझ्या मामाचं कुणी मोजलं होतं का?" हिने विचारलं, आणि मग विषय बदलून, आज पोरीने वरणभात खाल्ला का, ते विचारलं. खाल्ला होता. लिंबू नको म्हणाली, झोंबतं.