चतुर्थीच्या तोंडावर फुटलेला चेंबर

चतुर्थीला दोन दिवस उरले होते. भांडुपला आमच्या गॅरेजसमोर पाऊस नुसता कोसळत होता, आणि दुपारी बाराच्या सुमारास एक गाडी दोरीने ओढत आणली. खड्ड्यातला उखडलेला पेव्हर ब्लॉक खालून आपटला, ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडीवाल्या भाऊंनी जागच्या जागी इंजिन बंद केलं. त्यासाठी मी त्यांना आधी हात जोडले. दिवा लागल्यावरही गाडी रेटणारे रोज बघतो. बेअरिंग जातं, इंजिन खोलावं लागतं.

डिकीत मखराचं सामान, पुढच्या सीटवर त्यांची आई. संगमेश्वरला जायचं होतं, तेही संध्याकाळी पाचला निघून.

गाडी वर घेतली. चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला, बोटभर लांब तडा. रस्त्यात कुणीतरी त्यावर एपॉक्सी पुट्टी, म्हणजे दोन भाग कालवून लावायचा, घट्ट होणारा गोंद, थापून दिली होती. नखाने उचकटली तर अख्खा पापुद्रा हातात आला, आणि खालची बाजू तेलाने चकचकत होती. पुट्टीत काही खोट नव्हती. ती बसली होती तेलावर, धातूला लागलीच नव्हती.

नवा चेंबर दोन दुकानांत विचारला, सणानंतर मिळेल म्हणाले. चेंबर ॲल्युमिनियमचा, खरं काम आर्गन वेल्डिंगचं. पण आमचा वेल्डर सकाळीच गावी गेलेला. राहिलं एपॉक्सी.

मी एपॉक्सी कुठेही लावत नाही. ब्रेकचा पाइप, स्टिअरिंगचा भाग, पेट्रोलची टाकी यांना तर नाहीच, कुणी कितीही गळ घातली तरी. चेंबरचं वेगळं आहे. तिथे तेल नुसतं साठतं, पंप ते ओढून वर नेतो, दाब तयार होतो तो पंपाच्या पुढे. तड्यावर भार येतो तो फक्त साठलेल्या तेलाचा. म्हणून मन तयार झालं. अट एकच घातली: "भाऊ, गाडी आज मिळणार नाही. आणि परत आल्यावर चेंबर बदलायचाच."

"पाच मिनिटांत सुकणारं येतं ना दादा?"

येतं. घरात टाइल, फ्रेम चिकटवायला मीही वापरतो. पण गरम इंजिनात तेल शंभर डिग्रीच्या आसपास जातं, आणि ते झटपट एपॉक्सी त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. कशेडीच्या घाटात ते सुटलं तर ही माणसं रात्री पावसात उभी राहणार. मी स्टीलची पूड मिसळलेलं, जास्त तापमानाचं एपॉक्सी काढलं.

चेंबर उतरवला. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, नाहीतर तडा पुढे पळतो. मग तड्यावर व्ही आकाराची खाच. ॲसिटोनने पुसलं, हॅलोजनच्या दिव्याखाली गरम केलं, आणि तड्यातून पुन्हा तेल पाझरलं. ओतीव ॲल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत ते मुरलेलं असतं. पुन्हा पुसलं, पुन्हा तापवलं. चौथ्या खेपेला पांढरं फडकं पांढरंच राहिलं. ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धातू खरखरीत केला, आतला चुरा वेचून काढला. एक कण जरी राहिला तरी तो पंपाच्या जाळीशी जाऊन बसतो.

हातमोजे घातले. हार्डनरने, म्हणजे एपॉक्सी घट्ट करणाऱ्या भागाने, माझ्या बोटांवर पूर्वी पुरळ उठलेलं आहे. एकदा ती ॲलर्जी जडली की थेंबानेही उठते. दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणात घेतले. भाऊ शेजारी उभे होते. म्हणाले, "हार्डनर थोडा जास्त घाला, लवकर सुकेल." सुकत नाही. रेझिनच्या, म्हणजे दुसऱ्या भागाच्या, साखळीत जेवढ्या हार्डनरला जागा तेवढाच जोडला जातो, उरलेला तसाच राहतो आणि जोड कच्चा ठेवतो. काळ्या-पांढऱ्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत घोटलं, खाचेत दाबून भरलं आणि बाहेरून दोन बोटं रुंद थर दिला.

तेवढ्यात आजी गाडीतून उतरल्या. हातात चौरंग, त्याचा एक पाय निखळलेला. "बाळा, हा पण होईल का रे? बाप्पा यावरच बसतात."

माझ्याकडच्या पोराला साधं एपॉक्सी कालवायला सांगितलं. त्याने दोन्ही ट्यूब चहाच्या प्लॅस्टिकच्या ग्लासात रिकाम्या केल्या. थोड्या वेळात ग्लास वाकला आणि वाफा निघायला लागल्या. कालवताना उष्णता तयार होते; ढिगाऱ्यात ती कोंडते, कोंडली की क्रिया आणखी वेगाने होते. ग्लास लगेच बाहेर मोकळ्यावर ठेवला. दुसऱ्यांदा टाइलच्या तुकड्यावर पातळ पसरून कालवलं. लाकडाचं तुटकं तोंड आधी एक हात पिऊन घेतं, म्हणून पातळ थर चोळून थांबलो, मग दुसरा लावला. पाय बसवून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, बेताने. फार आवळलं तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो.

पाच वाजले. भाऊ घड्याळाकडे बघत होते, मी चेंबरकडे. वरून थर दगडासारखा लागत होता, तरी गाडी दिली नाही. आजीच म्हणाल्या, "उद्या जाऊ रे. बाप्पा परवा येतायत." रात्री उशिरापर्यंत हॅलोजन बेताच्या अंतरावर ठेवून चेंबर उबदार राखला. एपॉक्सी उबेत लवकर आणि जास्त पक्कं होतं.

सकाळी नवं पॅकिंग टाकून चेंबर चढवला, तेल भरलं, इंजिन फॅन लागेपर्यंत चालवलं. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. अर्ध्या तासाने उचललं. कोरडं. दुपारी ते निघाले, डिकीत चौरंग उलटा ठेवून.

रात्री फोन आला: "पोचलो दादा. इथेही खाली कागद घातलाय. एक थेंब नाही."

गौरी-गणपतीनंतर नवा चेंबर बसवला. जुना पोराच्या हातात दिला आणि थर छिन्नीने काढायला सांगितला. बराच वेळ ठोकल्यावर कडेचा टवका उडाला. त्याच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची चंदेरी खरड चिकटून आली होती.