आपलं लिथियम भट्टीपाशी अडलंय

फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जम्मूतल्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना पट्ट्यात, ५९ लाख टन लिथियम खनिज असल्याचा प्राथमिक अंदाज जाहीर केला. बातम्या अशा आल्या, जणू बॅटरीला लागणाऱ्या लिथियमचा देशाचा प्रश्न त्या दिवशी सुटला. पण ५९ लाख टन हे वजन खनिजाचं आहे, धातूचं नाही. लिथियमचं सरासरी प्रमाण ८०० पीपीएम, म्हणजे टनाला ८०० ग्रॅम धरलं, तर साठ्यातलं एकूण लिथियम भरतं सुमारे ४,७०० टन. बाजारात हिशोब लिथियम कार्बोनेटमध्ये होतो. १ किलो लिथियम म्हणजे ५.३ किलो कार्बोनेट, म्हणून हा सगळा साठा साधारण २५,००० टन कार्बोनेटचा. तोही कण न् कण काढता आला तर.

आता मागणीची बाजू पाहू. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीला दर किलोवॉट-तासामागे अर्धा ते ०.६ किलो लिथियम कार्बोनेट लागतं. केंद्राची प्रगत सेलसाठीची १८,१०० कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना मे २०२१ मध्ये मंजूर झाली. तिचं लक्ष्य वर्षाला ५० गिगावॉट-तास सेल बनवण्याचं आहे (१ गिगावॉट-तास म्हणजे १० लाख किलोवॉट-तास). ते पूर्ण झालं, तर वर्षाला २५ ते ३० हजार टन कार्बोनेट हवं. म्हणजे ८०० पीपीएमच्या हिशोबाने रियासीचा अख्खा साठा एका वर्षात संपला. शिवाय तिथलं लिथियम बॉक्साइटच्या थरांतल्या चिकणमातीत अडकलेलं आहे, आणि अशा मातीतून ते किफायतशीरपणे काढण्याचं तंत्र जगात अजून मोठ्या प्रमाणावर बसलेलं नाही. लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत, यात आश्चर्य काहीच नव्हतं. छत्तीसगडमधल्या कटघोऱ्याचा पट्टा मात्र २०२४ मध्ये लिलावात गेला. तिथे अजून पूर्वेक्षणाचंच, म्हणजे साठा तपासण्याचंच काम आहे.

म्हणून पुढची बरीच वर्षं कच्चा माल बाहेरूनच येणार, हे धरून चालावं. त्यात कमीपणा नाही. चीनसुद्धा ऑस्ट्रेलियाचा दगड आणि चिलीचं मीठ विकत घेतो. जगातलं निम्म्याहून खूप जास्त लिथियम तिथे शुद्ध होतं, ते त्याच्याकडे भट्ट्या आणि रसायनांचे कारखाने आहेत म्हणून. आपली खरी त्रुटी इथे आहे.

दगडापासून कार्बोनेट कसं होतं, ते पाहिलं की ही त्रुटी किती भरून काढण्याजोगी आहे हे कळतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेससारख्या खाणीतून स्पोड्युमीन नावाचं खनिज निघतं. ते दळून, धुऊन, ६ टक्के लिथियम ऑक्साइडचं सांद्र खनिज बनवतात आणि तेच जहाजात भरतात. १ टन कार्बोनेटला असं सुमारे ८ टन खनिज लागतं. स्पोड्युमीन आहे त्या रूपात आम्लाला दाद देत नाही. त्याला फिरत्या भट्टीत १०५० ते ११०० अंशांवर भाजावं लागतं. तेव्हा त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान पाव पटीहून जास्त फुगतं आणि दगड ठिसूळ होतो. तापमान कमी पडलं तर आम्ल आत शिरत नाही आणि लिथियम गाळासोबत वाया जातं. तापमान जास्त झालं तर खनिजातला अभ्रक आणि फेल्डस्पार वितळून काचेसारखा थर धरतात, भट्टीच्या आतल्या भिंतीवर त्याचं कडं धरतं आणि भट्टी थांबवावी लागते. नव्या कारखान्याचा पहिला काळ या तापमानाची पट्टी सापडण्यातच जातो.

भाजलेला माल संहत गंधकाम्लात मिसळून पुन्हा २५० अंशांच्या आसपास तापवतात, मग पाण्यात विरघळवतात. चुना घालून लोह, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम खाली बसवतात, उरलेलं कॅल्शियम काढतात आणि शेवटी ९० अंशांच्या वर सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट घालतात. लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षा कमी विरघळतं, म्हणून गाळणी आणि धुणं गरम असतानाच करायचं. पाणी थंड झालं की माल पाण्यासोबत निघून जातो. इथवर ९९ टक्के शुद्धता मिळते. बॅटरीला किमान ९९.५ लागते, आणि हा अर्धा टक्काच सगळ्यात महाग पडतो. कार्बोनेट थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पुन्हा विरघळवायचं, गाळायचं, मग तापवून परत खाली बसवायचं, तेव्हा कुठे सोडियम आणि कॅल्शियम पुरेसं उतरतं.

यात आपल्याला न जमणारं काय आहे? गंधकाम्ल आपण बनवतो, सोडा ॲश गुजरातच्या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या बनतो, फिरत्या भट्ट्या सिमेंटवाल्यांना तोंडपाठ आहेत. अडचण वेगळीच आहे. टनभर कार्बोनेटमागे सुमारे २ टन सोडियम सल्फेट आणि ८ ते १० टन गाळ निघतो. सल्फेट घेणारा साबण-पावडर आणि कापड-रंगाईचा उद्योग, गाळ घेणारा सिमेंट कारखाना जवळ नसेल, तर खर्चाचं गणित तिथेच मोडतं. दुसरी जोखीम भावाची. चीनमध्ये कार्बोनेटचा भाव २०२२ च्या अखेरीस टनाला ६ लाख युआनच्या जवळ गेला होता आणि २०२४ मध्ये १ लाखाच्या खाली आला. अशा घसरणीत टिकायला खाणीशी दीर्घ मुदतीचा करार लागतो किंवा मागे भक्कम गिऱ्हाईक लागतं. नागपूरजवळ बुटीबोरीला लिथियम शुद्धीकरणाचा प्रकल्प २०२५ मध्ये जाहीर झाला आहे. त्याला विचारण्याजोगे प्रश्न हेच: खनिज कुणाकडून, किती वर्षांच्या कराराने, आणि सल्फेट कोण उचलणार?

काबिल या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात पाच पट्टे मिळवले, १५,७०३ हेक्टरचे. तिथे दगड नाही, जमिनीखालचं खारं पाणी आहे. ते उपसून उथळ तळ्यांत वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवतात. भट्टी नाही, इंधन नाही, पण वेळ जातो, आणि पाण्यात मॅग्नेशियम जास्त असेल तर ते वेगळं करण्यात नफा जातो. निर्णय योग्य होता, पण त्यातून आजच्या कारखान्याला माल मिळत नाही.

शुद्ध कार्बोनेट हाती आलं, तरी ते थेट सेलमध्ये जात नाही. आधी त्याची कॅथोड पावडर, म्हणजे सेलच्या धन टोकाचं साहित्य, व्हावी लागते. आपल्या चर्चांमध्ये हा टप्पा जवळपास नसतोच. आयर्न फॉस्फेट, लिथियम कार्बोनेट आणि ग्लुकोज बारीक दळून, फवाऱ्याने वाळवून, नायट्रोजनच्या वातावरणात ७०० अंशांच्या आसपास कित्येक तास भाजतात. ग्लुकोज करपून कणांवर कार्बनचा पातळ लेप बसतो. त्याशिवाय पावडर वीज नीट वाहत नाही. भट्टीत ऑक्सिजन शिरला की लोह गंजतं आणि ती खेप गेली. एका किलोवॉट-तासाला ही पावडर २ किलोच्या आसपास लागते, म्हणजे ५० गिगावॉट-तासांना वर्षाला १ लाख टन. एलएफपी पावडर जवळजवळ सगळी चीनमध्ये बनते, आणि जुलै २०२५ पासून ती बनवण्याचं तंत्र बाहेर द्यायला तिथे सरकारी परवाना लागतो. प्रोत्साहन योजनेत पाच वर्षांत ६० टक्के मूल्यवर्धन देशात करण्याची अट आहे. सेलच्या साहित्यात सर्वात महाग घटक बहुधा कॅथोडच असतो, त्यामुळे पावडर आयात करून ही अट गाठणं फार अवघड आहे. ठाण्याच्या निओजेन केमिकल्ससारखी कंपनी लिथियमचे क्षार बरीच वर्षं हाताळते. शोषण-चिलरला, म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या शीतयंत्राला लागणारं लिथियम ब्रोमाइड हा तिचा जुना माल, आता ती इलेक्ट्रोलाइटकडे, म्हणजे सेलमधल्या द्रवाकडे वळली आहे. असं रसायनातलं मुरलेलं कसब कॅथोडकडेही वळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

सेलच्या कारखान्यात मग वेगळीच लढाई असते, पाण्याच्या वाफेशी. इलेक्ट्रोलाइटमधला लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार ओलाव्याशी भिडला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं आणि सेल आतून झिजतो. म्हणून भरणीच्या खोलीतली हवा इतकी कोरडी ठेवतात की तिचा दवबिंदू, म्हणजे वाफ जमू लागण्याचं तापमान, उणे ४० अंशांच्याही खाली असतं. कोकणपट्टीच्या किंवा चेन्नईच्या पावसाळ्यात ही हवा कोरडी करण्याचं विजेचं बिल डोळे पांढरे करतं. फॉइल कापताना राहिलेली तांब्याची कुस, पावडरीत आलेला लोखंडाचा कण, हे डोळ्याला दिसत नाहीत. सेल भरून, पहिलं चार्जिंग करून, दिवसेंदिवस ठेवून व्होल्टेज मोजलं की मग कळतं. नव्या कारखान्यात सुरुवातीला शंभरातले वीस-तीस सेल बाद होणं या धंद्यात नवल नाही. पुण्या-चाकणला बाहेरून आलेले सेल जोडून पॅक बनवणं हे काम चांगलं आहे, आवश्यकही आहे, पण त्याला बॅटरी-निर्मिती म्हणताना या सगळ्याचा विसर पडतो.

हे बाद सेलच आपल्या पुनर्वापर उद्योगाचा पहिला भरवशाचा कच्चा माल ठरतील, कारण गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या मोठ्या संख्येने परत यायला वेळ आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार २०२७-२८ पासून वाहनांच्या नव्या बॅटरीत किमान ५ टक्के साहित्य पुनर्वापरातलं असायला हवं, आणि २०३०-३१ पर्यंत २० टक्के. सेल भरडून निघणारी काळी पावडर इथे पुष्कळ बनू शकते. तिच्यातून बॅटरीच्या दर्जाचं कार्बोनेट काढायला मात्र तेच आम्ल, तोच सोडा ॲश आणि तोच शेवटचा अर्धा टक्का लागतो. त्यामुळे पुनर्वापराचं आणि शुद्धीकरणाचं अनुदान वेगवेगळ्या खात्यांतून वाटण्यापेक्षा दोन्ही कामं एकाच आवारात उभी राहतील असं पाहणं जास्त शहाणपणाचं.