बुरशी नव्हतीच

ऑगस्टअखेरीस औंधमधल्या एका बंगल्यावरून फोन आला, “लॉनला बुरशी लागलीय, औषध मारायला या.” लॉन ६० बाय २५ फुटांचं, गवत सिलेक्शन वन, म्हणजे आपल्या हरळीचाच बारीक पानांचा भाऊबंद. जाऊन बघतो तर अर्धं लॉन वाळक्या पेंढ्यासारखं. पण पिवळेपणा सरळ पट्ट्यांत होता, गवत कापायच्या मशीनच्या रुंदीएवढ्या. बुरशीचे डाग गोलसर, वेडेवाकडे पसरतात, पट्टी लावून येत नाहीत. शिवाय कुंड्यांच्या मागे, जिथे मशीन पोचत नाही, तिथलं गवत हिरवंगार होतं.

एक पान खुडून बघितलं. टोक चिंधडलेलं, पांढरट तंतू लोंबत होते. मशीनच्या पात्याला धार असती तर काप सरळ आला असता.

पावसाच्या झडीमुळे तीन आठवडे कापणी झालेली नव्हती, गवत ५ इंचांवर गेलेलं. माळ्याने मशीनचा लिव्हर ‘२’वर टाकून अर्धं लॉन कापलं, पाऊस आला म्हणून उरलेलं सोडलं. त्याला वाटलं दोन इंच. मी प्लग काढून मशीन सपाट फरशीवर ठेवलं आणि पात्याच्या टोकापासून फरशीपर्यंत मोजलं. जेमतेम पाऊण इंच! लिव्हरवरचे आकडे इंच नसतात, नुसते टप्पे असतात. प्रत्येक टप्पा मोजून मार्करने खरी उंची लिहून टाकली.

हरळी वाढू दिली की हिरवं पान वर सरकतं, खाली नुसत्या काड्या उरतात. त्या उघड्या पडल्या की पिवळ्या दिसणारच. म्हणून एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. न कापलेल्या अर्ध्या भागाला तसंच केलं : ५ वरून साडेतीन इंच, चार-पाच दिवसांनी अडीच, मग पावणेदोन.

“मग औषध?” काकूंनी विचारलं.
“काही नको काकू, ते पैसे राहू द्या.”

आधी पातं खोललं. कानस एकाच दिशेने चालवायची, मूळचा उतार राखून. वस्तऱ्यासारखी पातळ धार काढली तर ती पहिल्याच खड्याला मुडपते. मग मधल्या भोकातून पातं खिळ्यावर टांगायचं. जी बाजू खाली झुकते ती जड, तिकडून आणखी थोडं घासायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग मशीन थरथरतं म्हणून कुरकुरतात. असं पातं बेअरिंगही खातं.

कापणी दुपारी चारनंतर, पानं कोरडी झाल्यावर. ओल्या गवताचे गोळे पात्याभोवती चिकटतात आणि मशीन गुदमरतं. कडेने दोन फेऱ्या आधी, म्हणजे वळायला जागा होते. मशीनची कापणी ३२ सेंमी, दर वेळी चाक कापलेल्या पट्ट्यावर ५ सेंमी चढवायचं, निव्वळ २७ उरतात. पूर्ण लॉन लांबीच्या दिशेने कापलं तर साधारण २८ पट्टे, रुंदीच्या दिशेने ६८. चालणं तेवढंच, पण वळणं दुपटीहून जास्त आणि दर वळणावर चाक गवत रगडतं ते वेगळंच. सुरुवात सॉकेटच्या बाजूने, वायर कायम कापलेल्या भागावर. पावसाळ्यात विजेचं मशीन वापरताना आधी आरसीसीबीचं (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबून बघावं. पुढच्या कापणीला दिशा बदलावी, नाहीतर चाकांचे चर पडतात.

साडेतीन इंचांच्या कापणीचे लांब तुकडे दाताळ्याने गोळा केले. तसेच ठेवले असते तर त्याखाली गवत कुजून खरोखरच बुरशी आली असती. अर्ध्या-पाऊण इंचाचे तुकडे मात्र खुशाल पडू द्यावेत.

पिवळ्या भागाला मशीन लावलंच नाही. नवे कोंब दिसल्यावर त्या साडेसातशे चौरस फुटांना पाव किलोच्या थोडा वर युरिया कोरड्या वाळूत मिसळून फेकला आणि लगेच पाणी दिलं. हरळीच्या काड्या जमिनीवरून आणि जमिनीखालूनही धावतात, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात पट्टे बुजले. उघड्या जागेत लव्हाळा घुसला होता, तो कापून जात नाही. खुरप्याने खालच्या गाठीसकट काढावा लागला.