फड शाळेच्या भिंतीवर

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या गावांत फड बागायत शेकडो वर्षं चालली. नदीवर दगडी बंधारा, तिथून निघालेला पाट, पाटाखाली जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, आणि एका फडात त्या हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायचं पाटकऱ्यानं, राखण जागल्यानं. शाळेच्या भिंतीवर मात्र बहुतेकदा फुलपाखरं रंगवलेली असतात. तिथं फडाचा नकाशा यायला हवा, आणि तो गावानं काढायला हवा.

त्यासाठी चित्रकारानं तयार आराखडा घेऊन जाऊ नये. तो नेला की गाव फक्त रंग भरणारा मजूर होतं. आधी मैदानात फक्कीनं बंधारा आणि पाट एवढंच आखा, साधारण दहा मीटर लांब. मग म्हाताऱ्यांना त्यावरून चालायला सांगा. कागदी नकाशापुढे गप्प बसणारा माणूस इथं “आठे नही, तठे” (इथं नाही, तिथं) म्हणत पायानं रेषा पुसतो. नवी रेषा पोरांनी ओढायची. शेताशिवाराची नावं अहिराणीत बोलतात तशीच लिहायची, शिक्षकांनी ‘शुद्ध’ करायची नाहीत.

कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी बैठक ठेवली तर बाया येतच नाहीत, संध्याकाळी ठेवा. फडात ज्यांची जमीन नाही त्यांनाही विचारा: गुरं कुठं पाजता, धुणं कुठं धुता? नाहीतर नकाशा फक्त सातबारावाल्यांचा होतो. छत्तीसगडमधल्या बस्तरात कोंडागावला कलावंत नवज्योत अल्ताफ यांनी स्थानिक कलाकारांसोबत ‘नलपार’ ही हातपंपाभोवतीची कामं केली. तिथं घागर टेकवायची सोय हाच शिल्पाचा भाग होता. वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय असं काही सुचत नाही.

आता भिंत. जुना ऑइलपेंट पूर्ण खरवडा, त्यावर चुना धरत नाही. 1 किलो चुन्याला 5 लिटर पाणी, 24 तास मुरवून फडक्यातून गाळा. 10 लिटर गाळलेल्या चुन्यात 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. चुनकळी भिजताना उकळते, तेव्हा पोरं लांब हवीत. हात पातळ द्या, जाड थराचे पोपडे निघतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी ओल असावी लागते. म्हणून हे काम दिवाळीनंतरच. आपल्याकडच्या मे महिन्यात तो आधीच सुकून हाताला पांढरा लागतो. भिंत आधी भिजवून घ्याच. रंगाला गेरू, पिवळी माती, काजळी चालते. हळद नको, चुन्यात लाल होते आणि उन्हात उडते. खालचा फूटभर पट्टा गेरूचाच ठेवा, कारण जोत्यातून ओल चढते.

फडांचे चौकोन मात्र पांढरेच सोडा. दर हंगामाला त्यावर चुन्याचा एक हात मारून त्या वर्षीचं पीक नव्या वर्गानं रंगवायचं, आणि कुठल्या फडात काय आहे ते शेतावर जाऊन विचारून यायचं.