तुम्ही विचारलंत म्हणून: ते पाच प्रोजेक्ट खरंच स्वतः करायचे का?

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. परवा तर आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याच्या पोरानं गोळ्या पाकिटात भरता भरता विचारलं, ताई, ते फ्रीकोडकॅम्पचं (वेबसाइटवर फुकटात प्रोग्रामिंग शिकवतात ते) सर्टिफिकेट तुम्ही केलंय ना, त्यातले पाच प्रोजेक्ट स्वतः करायला लागतात का, सगळी उत्तरं यूट्यूबवर आहेत की, आणि त्यानं नोकरी लागली का. मागे गिऱ्हाईक ताटकळलेलं, म्हटलं सवडीनं लिहून पाठवते. तर हे घे, बाकीच्यांनीही वाचा.

उत्तरं आहेत, खोटं कशाला बोलू. सर्टिफिकेट देताना 'कोड माझा स्वतःचा आहे' असं कबूल करून घेतात, पण कबूल करायला एक टिचकी पुरते. मी २०२१ला, लॉकडाऊनमध्ये केलं. बीकॉम झालेली, टॅली सोडून कॉम्प्युटरचा गंध नाही, भावाचा जुना लॅपटॉप, ज्याची बॅटरी गेलेली म्हणून लाइट गेली की अभ्यास संपला. तेव्हा एका सर्टिफिकेटला पाच प्रोजेक्ट असायचे (आता अभ्यासक्रम बराच बदललाय), आणि एकेका सर्टिफिकेटला अंदाजे ३०० तास लागतील असं तेच लिहायचे. मला जास्तच लागले असतील, मोजले नाहीत.

पहिल्या सर्टिफिकेटमध्ये एक ट्रिब्यूट पेज असायचं, म्हणजे कुणातरी मोठ्या माणसावर एक पान करायचं. त्यांचा नमुना नॉर्मन बोरलॉगवर होता, गव्हाचे आणि हरितक्रांतीचे, १९७०च्या शांतता नोबेलवाले. मी म्हटलं आपण आपला माणूस घेऊ, आणि गणितवाले द. रा. कापरेकर घेतले. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर, आणि त्यांचा ६१७४ हा आकडा जगभर प्रसिद्ध. कुठलाही चार आकडी नंबर घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून वजाबाकी करा, परत तेच करा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येतो आणि मग तिथंच राहतो.

पान झालं, फोटो मधोमध आणायला दोन रात्री गेल्या ते वेगळं, पण मला हौस, म्हटलं खाली हे करून दाखवणारं बटण पण टाकू. ३५२४ टाकलं, चाललं. ३०८७, ८३५२, ६१७४, मी खूश. मग १००० टाकलं आणि टॅब गोठला, पंखा विमानासारखा ओरडायला लागला. अर्धा दिवस गेला. शेवटी वहीत हातानं केलं तेव्हा कळलं, १००० वजा १ म्हणजे ९९९, आणि कापरेकर ते ०९९९ धरतात. माझ्या प्रोग्रामला पुढचं शून्य दिसतच नव्हतं, तो ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर बसला आणि शून्यातून शून्य काढत राहिला, ६१७४ येईपर्यंत थांबू नको असं मीच सांगितलेलं ना! पुढे शून्य जोडणारी एक ओळ टाकली, पाच फेऱ्यांत आला. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं, कारण हे बटण कुणी मागितलंच नव्हतं.

दुसरं सर्टिफिकेट जावास्क्रिप्टचं, म्हणजे वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेचं. पॅलिंड्रोम (उलटसुलट सारखाच वाचता येणारा शब्द), रोमन आकडे, सीझर सायफर (अक्षरं सरकवून केलेली गुप्त लिपी) हे पटापट झाले. फोन नंबर तपासणारा अमेरिकेचा, त्यात +९१ टाकला की चूक. शेवटचा कॅश रजिस्टर, म्हणजे गल्ला. आता माझा जन्मच आप्पांच्या किराणा दुकानातला, सातवीपासून गल्ल्यावर बसलेली, म्हटलं हा तर डाव्या हातचा मळ.

तीन दिवस अडकले.

एका टेस्टमध्ये (कोड बरोबर चालतो का ते बघायला त्यांनीच दिलेलं उदाहरण) ३.२६ डॉलरचा माल, गिऱ्हाइकानं १००ची नोट दिली, परत द्यायचे ९६.७४. माझा गल्ला बाकी सगळं बरोबर द्यायचा आणि शेवटी चार पेनीच्या (एक सेंटची नाणी) जागी तीनच. एक सेंट कमी! मी लूप (कोडचा परत परत चालणारा भाग) बदलला, परत पहिल्यापासून लिहिला, तरी तीनच. मग प्रत्येक पायरीला उरलेली रक्कम छापून बघितली तर शेवटी ०.०४ च्या जागी ०.०३९९९९९ आणि पुढं नऊचं लांबलचक शेपूट.

कारण असं की कॉम्प्युटर अपूर्णांक निम्म्या-निम्म्या तुकड्यांत ठेवतो, अर्धा, पाव, अर्धपाव असा. एक दशांश त्यात नेमका बसतच नाही, आपल्याला एक तृतीयांश ०.३३३ करत संपत नाही तसंच. ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघा, ०.३००००००००००००००४ असं काहीतरी येतं. हे मी आजीला सांगत होते, म्हणजे कुणालातरी सांगायचं होतं, ती शेंगा फोडत बसलेली, तर ती म्हणाली आमच्या वेळी रुपयाचे सोळा आणे होते, शंभर पैसे नंतर आले. आणि माझी ट्यूब पेटली. आणा म्हणजे एक सोळांश, तो कॉम्प्युटरमध्ये अगदी नेमका बसतो! चार आणे, आठ आणे, बारा आणे, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, सगळे तंतोतंत. १९५७ला दशमान नाणी आली नसती तर निदान आण्यांच्या हिशेबात तरी हा घोळ झाला नसता (पैची गोष्ट वेगळी, आण्याच्या बारा पै, तिथं परत तीन मध्ये येतो). ह्याचा उपयोग शून्य, पण त्या रात्री मला झोप आली नाही इतकं भारी वाटलं.

उपाय सोपा, सगळं आधी सेंटमध्ये करून पूर्णांक ठेवायचे आणि शेवटी शंभरानं भागायचं. दोन ओळी.

आता तुमचा दुसरा प्रश्न, नोकरी लागली का. सर्टिफिकेटची लिंक कुणी उघडूनही बघितली नाही, हे सरळ सांगते. पण पुण्यात एका छोट्या कंपनीत, बिलिंगचं सॉफ्टवेअर करणारी, इंटरव्ह्यूत विचारलं की रक्कम कशी साठवाल, आणि मी पटकन म्हटलं पैशात, रुपयात नाही, आणि का ते शेंगांसकट सांगितलं. समोरचे सर हसले. तिथंच आहे अजून.

तर व्हिडिओ बघायचाच असेल तर टेस्ट पास झाल्यावर बघ, दुसऱ्यानं कसं केलं ते तेव्हाच कळतं. आणि मोबाईलवर करू नको बाबा, एक कंस शोधताना डोळे जातात.

गल्ल्याचा प्रोग्राम झाल्यावर मी त्यात आपल्या नोटा-नाणी घालून आप्पांना दाखवला. त्यांनी बघून सत्त्याण्णवचं बिल आणि शंभराची नोट टाकायला लावली, गल्ल्यात सुट्टे शून्य. स्क्रीनवर आलं, पुरेसे पैसे नाहीत. आप्पा म्हणाले, "मग तीन चॉकलेटं दे म्हणावं की त्याला."