तुम्ही कारवारच्या, मग मराठी की कोंकणी? विचारलंत म्हणून

पुण्यात विचारतात, "कारवारच्या असून मराठी इतकं स्वच्छ कसं?" गोव्यात विचारतात, "कोंकणी असून मराठी का म्हणवता?" वीस वर्षं मी सगळ्यांना एकच ठणठणीत उत्तर दिलं: आम्ही मराठीच. आता ते तोंडातून निघत नाही.

सीमावाद तुम्हाला ठाऊक आहे, तो उगाळत नाही. आज कर्नाटकात असलेला आमचा जिल्हा १८६२ ते १९५६ मुंबई प्रांताला जोडलेला होता. माझी आजी त्या काळातल्या मराठी शाळेत शिकली. कीर्तन मराठीत, नाटक मराठीत, मुंबईच्या भावाला पत्र मराठीत. चुलीपाशी, अंगणात, मासळीवालीशी घासाघीस करताना कोंकणी. पुढे कचेरीतल्या कामापुरती कानडीही शिकली. तिला कधी कुणी निवड करायला सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं.

१९९८ साली मी पुण्यात वसतिगृहात होते. आजी रात्रभर एसटीत बसून आली, पिशवीत फणसपोळी आणि सोलं. फाटकातूनच तिनं हाक मारली, "जेवलें गो?" बरोबरच्या मुली हसल्या. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आजी, इथे नीट मराठी बोल." ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "बरं. जेवलीस का?"

त्या दिवसापासून ती माझ्याशी पुस्तकातलं मराठीच बोलली. आईशी कोंकणी, चुलतभावंडांशी कोंकणी, माझ्याशी मराठी. शेवटच्या आजारपणात ती आईला कोंकणीत काहीतरी सांगत होती. मी खाटेजवळ गेले, तर वाक्य अर्धवट सोडून म्हणाली, "बस, उभी का?"

मी एकोणीस वर्षांची होते, लाज वाटायचं वय होतं, असं स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ती मुलगी अजून माझ्याशी भांडते: मराठी म्हणण्यात खोटं काय होतं? आजीच्या देव्हाऱ्यातली पोथी मराठीच होती ना? होतीच. १९९२ साली कोंकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, जागा मिळाली, म्हणून ती पोथी परकी होत नाही. आणि पोथी मराठी म्हणून चुलीपाशी बोललेलं सगळं मराठीची बोली ठरत नाही. हे दोन्ही मला मनापासून पटतं, आणि दोन्ही एकत्र धरून उत्तर देता येत नाही.

आजीची पत्रं माझ्याकडे आहेत. सगळी मराठीत, सुंदर वळणदार अक्षरात. तिची कोंकणी माझ्याजवळ फक्त फाटकातली ती दोन शब्दांची हाक.